मावळातून मोत माउलीला, एका दिवसात

चैत्रात एकवीरा आईच्या यात्रेला मुंबई, ठाणे आणि रायगडकडचे कोळी-आगरी लोक घाट चढून मावळात येतात. वेहेरगावच्या पायथ्याशी त्या दिवसांत काय गर्दी उसळते, हे कार्ला-मळवलीच्या माणसाला सांगायला नको. याच कोळीवाड्यांतली कितीतरी माणसं सप्टेंबरात वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीला, म्हणजे माऊंट मेरीलाही जातात. तिथे मेणबत्ती लावतात, नवस बोलतात, फेडतात. त्यामुळे लोणावळा, खंडाळा, कामशेत, वडगाव, तळेगाव इथल्या कॅथलिक कुटुंबांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी मिळून वांद्र्याला जायचं ठरवलं, तर त्यात नवल काही नाही. लोहमार्गाने लोणावळा ते दादर ११९ किलोमीटर. सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी येता येतं. तरीही ‘एकदा जायचंय’ म्हणता म्हणता वर्षं जातात आणि शेवटी जायला निघतात तेव्हा नेमकी जत्रेच्या रविवारची बस ठरते. त्या बसमधून उतरलेली म्हातारी माणसं दिवसभर रांगेत उभी राहतात आणि माउलीचं दर्शन पाच मिनिटांत आटोपून परततात.

म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही चर्चमधला गट नेत असाल, सोसायटीचा किंवा बचत गटाचा नेत असाल, किंवा कुणा आयोजकाला पैसे देऊन जात असाल, तरी एक गोष्ट आधी ठरवा: एका दिवसात एकच तीर्थ. माऊंट मेरी, माहीम, सिद्धिविनायक, हाजी अली आणि शेवटी गेटवे, अशी यादी दाखवणारी सहल स्वस्त वाटते, पण ती दिवसभर गाडीत बसवते. वांद्र्याच्या टेकडीवर निदान दोन-अडीच तास हवेत. तेवढे देणार असाल तरच जा.

दिवस कोणता निवडायचा, यावर निम्मी सहल ठरते. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला. त्याच्या आधी नऊ दिवस नोव्हेना चालते, आणि ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा भरते. जत्रा एकदा पाहावी हे खरं. मेणाचे हात-पाय-घरं मांडलेली दुकानं, भाजलेले चणे, हलवा, खेळणी, रस्ताभर माणसं. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला, लहान मुलाला किंवा पहिल्यांदाच येणाऱ्याला त्या आठवड्यात नेऊ नका. शिवाय सप्टेंबरात घाटात पाऊस असतो, दरड कोसळली की गाड्या रखडतात, आणि एका दिवसाचं गणित तिथेच कोलमडतं. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत चांगला, आणि वार मंगळवार किंवा गुरुवार. तुमच्या गटातल्या लोकांना कामावरून सुट्टी मिळत नसेल तर शनिवार घ्या.

बुधवारचं मुद्दाम सांगायला हवं. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये निरंतर साहाय्य माउलीची नोव्हेना असते. १९४८ पासून ती चालू आहे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांत होते. माहीम आणि वांद्रे यांच्यात फक्त खाडी. त्यामुळे काही गट दोन्ही ठिकाणं बुधवारी जोडून घेतात. गट तरुणांचा असेल, चालायची तयारी असेल, तर हे जमतं. एरवी बुधवारी त्या भागातली वाहतूक मंदावते आणि तुमचा अर्धा दिवस रस्त्यावर जातो.

रस्त्याने जायचं की रेल्वेने? गट दहा-बारा जणांचा आणि त्यात चालायला त्रास होणारे दोघं-तिघं असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर सोयीची. ती थेट टेकडीवर चर्चच्या दारापर्यंत जाते. लोणावळ्याहून वांद्रे साधारण ८०-८५ किलोमीटर. पण इथे मावळकरांच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती फार थोडे लोक वापरतात. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी मुंबईची गर्दी लोणावळ्याकडे येते, रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतते. आपण उलट्या दिशेने जातो. म्हणून शनिवारी सकाळी घाट उतरताना रस्ता मोकळा मिळतो, आणि रविवारी संध्याकाळी घाट चढतानाही. अडचण फक्त शुक्रवारची. शुक्रवारी सकाळी गेलात तर परत येताना तुम्ही त्याच गर्दीत सापडता. शुक्रवार टाळा.

गट मोठा असेल तर मी रेल्वेच सुचवीन. सकाळी लोणावळ्याहून सिंहगड, डेक्कन क्वीन अशा गाड्या मुंबईकडे जातात. तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवलीच्या मंडळींनी पुणे-लोणावळा लोकलने आधी लोणावळ्याला यावं आणि तिथे सगळ्यांनी एकत्र गाडी धरावी. वेळापत्रक बदलत असतं, ते आदल्या आठवड्यात पाहून घ्या. आरक्षण मात्र महिनाभर आधी करा, कारण रोजचे पासधारक आणि सुट्टीचे प्रवासी दोघंही याच गाड्यांना असतात.

दादरला उतरून पुलावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जायचं आणि वांद्र्याची लोकल धरायची, हा नेहमीचा मार्ग. दादरचा तो पूल आणि सकाळची ती गर्दी वृद्धांना झेपत नाही. त्याऐवजी सीएसएमटीपर्यंत बसून राहा. तिथून हार्बर मार्गाची लोकल थेट वांद्र्याला जाते, आणि तिथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते. पाऊण तास धरा. परतीलाही हेच करा: वांद्र्याहून हार्बर लोकलने सीएसएमटी आणि तिथून लोणावळ्याची गाडी. डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर सीएसएमटीहून सुटते. सुटण्याच्या ठिकाणी गाडी उभी असते, सगळ्यांना शांतपणे चढवता येतं. दादरला दोन मिनिटांत पंचवीस माणसं चढवणं धोक्याचं आहे. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे, हे शनिवारीच पाहून ठेवा.

वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की टेकडीकडे जायला बेस्टची बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. रिक्षा वांद्र्यापर्यंतच चालतात, माहीमकडे जायचं तर टॅक्सी करावी लागते. पंचवीस जणांचा गट असेल तर आठ-नऊ रिक्षा लागतील. प्रत्येक रिक्षेत एका माणसाकडे चर्चचं नाव आणि गटप्रमुखाचा नंबर लिहिलेला कागद द्या. मोबाइलवर विसंबू नका.

आता वाटाड्याबद्दल. सहलीतला मार्गदर्शक हा गाडीची मोजदाद ठेवणारा माणूस नव्हे. तुमच्या धर्मग्रामातला एखादा धर्मशिक्षक, निवृत्त शिक्षिका किंवा वांद्र्यातच वाढलेला कुणी ईस्ट इंडियन गृहस्थ मिळाला, तर त्याच्याइतका चांगला वाटाड्या नाही. वांद्र्याचे ईस्ट इंडियन म्हणजे या भूमीतलेच मूळचे, मराठी बोलणारे कॅथलिक. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा त्यांनी हे नाव घेतलं. रणवार, चिंबई ही त्यांची आणि कोळ्यांची जुनी गावठाणं आजही इमारतींच्या मध्ये टिकून आहेत. गल्लीगल्लीत दगडी क्रूस दिसतात. त्यातले बरेच १८९६ मध्ये प्लेगची साथ आली त्या काळात उभारलेले. ज्याला हे क्रूस दाखवता येतात, ज्याला चिंबईच्या गल्लीतून म्हाताऱ्यांना सावलीने नेता येतं, असा माणूस शोधा.

पैसे देऊन आयोजक ठरवत असाल तर त्याला स्पष्ट विचारा. चर्चमध्ये नेमका किती वेळ देणार? मिस्सेला बसायचं की नुसतं दर्शन? जेवण कुठे आणि त्याचे पैसे यात धरले आहेत का? कुणाला चक्कर आली तर गटासोबत कोण थांबणार आणि त्या माणसासोबत कोण? गाडी ठरलेल्या दुकानापाशी खरेदीसाठी थांबणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर दुसरा आयोजक पाहा. तीर्थाला निघालेल्या लोकांचा तास दुकानात घालवणं मला अजिबात पटत नाही.

वाटाड्याने इतिहास गाडीतच सांगून घ्यावा. चर्चमध्ये गेल्यावर त्याने गप्प राहावं. सांगण्यासारखं भरपूर आहे, आणि त्यात मराठी माणसाने लक्षपूर्वक ऐकावं असंही बरंच आहे.

पोर्तुगीज काळात, १६४० च्या सुमारास, या टेकडीवर मरियेचं छोटं देवालय उभं राहिलं. १७०० साली समुद्रातून आलेल्या अरब चाच्यांनी ते लुटलं आणि मूर्तीचा उजवा हात तोडला, असं सांगतात. मधमाश्यांच्या थव्याने त्यांना पळवून लावलं, अशी त्यापुढची आख्यायिका. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि साष्टी बेट मराठ्यांकडे आलं. त्या धामधुमीत टेकडीवरचं जुनं देवालय पाडलं गेलं. पुढे, एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि त्याप्रमाणे समुद्रात मरियेची मूर्ती सापडली, ही कथा कोळीवाड्यात अजून सांगतात. मूर्ती काही काळ खाली सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये होती, आणि १७६१ च्या सुमारास टेकडीवर देवालय पुन्हा बांधून तिथे तिची स्थापना झाली. साष्टी १७७४ पर्यंत मराठ्यांच्या ताब्यात होती. म्हणजे मोत माउली टेकडीवर परतली ती पेशव्यांच्या अमलात. मावळातून जाणाऱ्या गटाला हे आवर्जून सांगावं, कारण या तीर्थाला परकं समजणारी माणसं आपल्याकडेही आहेत.

वाटाड्याने एक पथ्य पाळावं. मधमाश्यांची गोष्ट आणि कोळ्याचं स्वप्न श्रद्धेची गोष्ट म्हणून सांगावं, १७३९ आणि १७६१ इतिहास म्हणून सांगावं. दोन्हींची सरमिसळ केली की मुलं दोन्हींवरचा विश्वास गमावतात.

आज दिसते ती इमारत १९०४ ची. तिचे वास्तुरचनाकार शापूरजी चंदाभॉय हे पारशी. टेकडीच्या पायऱ्या १८७९ मध्ये माणकजी सोराबजी अ‍ॅशबर्नर यांनी बांधून दिल्या, तेही पारशीच. त्याआधी तर माहीमहून वांद्र्याला यायचं म्हणजे होडीने खाडी ओलांडावी लागे. अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या पैशांतून माहीमचा कॉजवे झाला आणि १८४५ मध्ये खुला झाला. त्यांनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले होते. म्हणजे वाट, पायऱ्या आणि देवालय या तिन्हींना पारशांचा हात लागला आहे, आणि आज रांगेत पाहिलं तर कुंकू लावलेल्या बायका, बुरखा घेतलेल्या बायका आणि जपमाळ हातात धरलेल्या बायका मागेपुढे उभ्या असतात. १९५४ मध्ये या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला.

टेकडीवर पोचल्यावर आधी बाहेरची दुकानं लागतात. मेणबत्त्या, हार आणि मेणाच्या आकृत्या. ज्याचं जे दुखणं किंवा मागणं, त्याची आकृती: हात, पाय, डोळे, बाळ, घर. विक्रेते आग्रह करतात, पण काही घेतलंच पाहिजे असा नियम नाही. साधी एक मेणबत्ती पुरते. ज्यांना नवसाची आकृती वाहायची आहे त्यांनी ती सावकाश निवडावी, त्याची कुणी चेष्टा करू नये. गटात निरनिराळ्या विचारांची माणसं असतील तर हे आदल्या दिवशीच बोलून घ्या. मेणबत्त्या आत कुठेही लावायच्या नाहीत, बाहेर त्यासाठी जागा आहे, तिथेच लावा. ओढण्या-पदर सांभाळा.

आत शिरताना दाराजवळच्या पात्रातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवून कॅथलिक क्रूसाची खूण करतात. इतरांनी केली नाही तरी चालतं. पादत्राणं काढायची गरज नसते, टोपी पुरुषांनी काढावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. मोबाइल बंद, निदान मुका तरी. मिस्सा चालू असताना फोटो नकोच, आणि गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या माणसाचा फोटो तर कधीच नको.

मिस्सेला बसणार असाल तर तिची वेळ आणि भाषा चर्चच्या कार्यालयात फोन करून आधी विचारा. कॅथलिक मंडळींनी एक लक्षात ठेवावं: कम्युनियन घ्यायचं असेल तर त्याआधी तासभर काही खायचं नसतं. पाणी आणि औषध चालतं, वृद्धांना आणि आजाऱ्यांना ही अट नाही. म्हणून न्याहारी गाडीतच उरका, टेकडीवर पोचून वडापाव खाऊन लगेच आत जाऊ नका. प्रायश्चित्त संस्कार घ्यायचा असेल तर मिस्सेच्या निदान अर्धा तास आधी पोचा. जे कॅथलिक नाहीत त्यांनी कम्युनियनच्या वेळी बाकावर बसून राहावं. हे अपमानाचं अजिबात नाही, तो त्यांच्या धर्मातला संस्कार आहे एवढंच. मधल्या रांगेत अडकून गोंधळ होऊ नये म्हणून गटातल्या अशा मंडळींनी बाकाच्या आतल्या टोकाला बसावं. सगळे उठले की उठावं, गुडघे टेकतील तेव्हा नुसतं शांत बसलं तरी पुरे.

मिस्सा झाली की वाटाड्याने सगळ्यांना अर्धा तास मोकळं सोडावं. सहलीतला हा अर्धा तास कुणी कापू नये, उशीर झाला असला तरी. कुणी वेदीसमोर बसेल, कुणी रस्त्याच्या पलीकडे फातिमा माउलीच्या ठिकाणी पायऱ्या चढून जाईल, कुणी समुद्राकडे तोंड करून उभं राहील. आजारी नवऱ्यासाठी आलेल्या बाईला, परीक्षेत अडकलेल्या मुलाला, कुणाला न सांगता काही मागायचं असतं. त्यासाठीच ती इतक्या लांबून आलेली असतात.

दुपारचं जेवण वांद्र्यातच घ्या, हॉटेलात पंचवीस माणसांची जागा आदल्या दिवशी सांगून ठेवा. किंवा घरून डबे न्या, ते अधिक बरं. मात्र डबे चर्चच्या आवारात उघडू नका. जेवणानंतर शक्ती उरली असेल तर उतरून सेंट अँड्र्यूज चर्च पाहा. १५७५ मध्ये जेझुइटांनी उभारलेलं हे वांद्र्यातलं सगळ्यांत जुनं चर्च, आणि मोत माउलीची मूर्ती काही काळ इथेच होती, हे आठवून पाहिलं की त्याचं मोल कळतं. शेजारीच चिंबईचा कोळीवाडा आहे. बँडस्टँडला मुलं हट्ट करतील, वेळ असेल तर जा, नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. चारच्या आत वांद्रे स्टेशन गाठलं पाहिजे.

सामानात फार काही नको. पाणी, औषधं, एक छत्री, डोक्याला रुमाल, ओळखपत्र, आणि गटातल्या प्रत्येकाच्या घरचा एक नंबर लिहिलेली यादी. यादीच्या दोन प्रती करा, एक वाटाड्याकडे आणि एक गटातल्या सगळ्यांत शांत माणसाकडे.

कुणी विचारेल, मराठी कॅथलिकांची मोठी यात्रा तर हरेगावची मतमाउली, मग तिकडे का नाही? हरेगाव श्रीरामपूरजवळ, अहिल्यानगर जिल्ह्यात. सप्टेंबरातच तिथली यात्रा भरते आणि गावोगावची मराठी ख्रिस्ती कुटुंबं तिला येतात. जरूर जा. पण मावळातून ते एका दिवसात करू नका. मुक्कामाची सोय करून, दोन दिवस काढून जा. एका दिवसात नीट होणारं तीर्थ आपल्यासाठी वांद्र्याचंच.

गटाची यादी करताना प्रत्येक घरातल्या तरुणाला विचारण्याआधी त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. आमच्या बाजूच्या खेड्यापाड्यांत अशा कितीतरी बायका आहेत ज्यांनी तरुणपणी मोत माउलीला नवस बोलला, आणि मग संसार, शेती, नोकऱ्या यांत तो फेडायचा राहून गेला. त्यांना एकटीने मुंबईला जाता येत नाही आणि मुलांना सुट्टी मिळत नाही. पंचवीस जागांपैकी पाच जागा अशा माणसांसाठी ठेवा, त्यांचं तिकीट गटाने वाटून घ्या आणि त्यांच्यापैकी प्रत्येकीसोबत एक तरुण नेमून द्या.